पाणी किती फूट?

आपत्तीविषयी लिहिताना साहित्याच्या अध्यापकांची एक ठरलेली सुरुवात असते. ‘शब्द अपुरे पडतात’ असे एकदा म्हणायचे आणि मग पुढे चार पाने शब्दच लिहायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये महापुराच्या पाण्याने वेढलेल्या कोल्हापुरातील घरात आम्ही सहा दिवस काढले. त्या सहा दिवसांत शब्द अपुरे पडल्याचा अनुभव आम्हांस एकदाही आला नाही. शब्द मुबलक होते. अपुरी होती ती मोबाइलची बॅटरी. बॅटरी अपुरी असली की कोणता शब्द वाचावा, कोणता न वाचता सोडून द्यावा आणि कोणता पाठवावा, याचा निवाडा घटकेघटकेला करावा लागतो. समीक्षा शिकविण्यात तोवर आमची पंधराएक वर्षे गेली होती. पण तिची इतकी कठोर परीक्षा आम्ही कधी दिली नव्हती. त्या परीक्षेत आम्ही प्रथम नापास झालो. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

कोल्हापूरबाहेरील वाचकांसाठी थोडा तपशील द्यायला हवा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीपासून निघून ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पावसाळ्यात या नदीची प्रकृती विचारायची ती कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावरच्या फूट-इंचांत. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे येथील शाळकरी मुलासही पाठ असतात. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे एकेक करून आपोआप उघडतात, आणि ‘एक दरवाजा म्हणजे १४२८ क्युसेक’ हा हिशेब चहाच्या टपरीवरसुद्धा मांडला जातो. २०१९ च्या त्या आठवड्यात बंधाऱ्यावरील पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडाला. शहराला पाणी पुरविणारे पंपही बुडाले. चहूकडे पाणी आणि प्यायला टँकरची वाट, अशी शहराची अवस्था झाली.

आमचे घर नागाळा पार्कात तिसऱ्या मजल्यावर आहे. आमच्या जिवाला धोका नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. नाहीतर पुढील मजकुरास नसलेले शौर्य चिकटेल. वाहने बुडाली, वीज बंद करण्यात आली. तळमजल्यावरील वृद्ध दांपत्यास बोटीतून नेण्यात आले, आणि आम्ही पिंपभर पाणी, डाळ-तांदूळ व मेणबत्त्या यांच्या भरवशावर घरीच राहिलो. बाहेरच्या जगाशी दुवा उरला तो व्हॉट्सअ‍ॅपचा. शिवाजी विद्यापीठातून आमच्याबरोबर एम. ए. झालेल्या मित्रमैत्रिणींचा एक गट आहे. कोणी नांदेडला, कोणी नागपुरात, कोणी बेळगावात, एक मैत्रीण न्यू जर्सीत. एरवी जुन्या प्राध्यापकांच्या नकला आणि नव्या पुस्तकांवरील शेरेबाजी एवढाच त्या गटाचा व्यवहार. पुराच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो गट आमच्यासाठी जागा राहू लागला. शेजाऱ्याची पॉवर बँक वाट्याने वापरून आम्ही दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटे मोबाइल सुरू करीत असू. सुरू होताच दोनशे-अडीचशे संदेश धडाधड येऊन पडत.

त्यात काय नव्हते? हात जोडलेल्या चित्रांच्या रांगा होत्या. ‘कोल्हापूरकर लढवय्ये आहेत’ अशी घोषवाक्ये होती. भलत्याच राज्यातील वाहून जाणाऱ्या पुलाची चित्रफीत होती. धरण फुटल्याची अफवा होती आणि ती खोटी असल्याचा खुलासाही होता. खुलासा आधी व अफवा मागाहून, असे दोन्ही पोहोचले. आणि कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता होती. ती आमच्याकडे तीन दिवसांत किमान अकरा वेळा आली.

आम्हीही मागे राहिलो नाही. तिसऱ्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात, बॅटरीचा विचार न करता, आम्ही खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या पाण्यावर वीस-पंचवीस ओळींचे ललित टिपण लिहून गटावर टाकले. ते सर्वांना आवडले. कोणी ते पुढे पाठविले, कोणी दिवाळी अंकासाठी मागून ठेवले. त्याच भरात आम्हांस आलेली ‘कणा’ आम्ही आमच्या वर्गाच्या गटावरही पाठविली. वर्गातील काही मुले शिरोळ तालुक्यातील होती. त्यांना आधार वाटावा, असा आमचा हेतू.

सकाळी त्यांपैकी एका मुलाचा साधा एस. एम. एस. आला. त्याच्या गावात इंटरनेट बंद झाले होते, पण ते होण्यापूर्वी आमचा संदेश त्याला मिळाला होता. त्याने लिहिले होते : ‘सर, ती कविता शाळेतच पाठ झालीया. बंधाऱ्याला पाणी किती फूट हाय तेवढं कळवा. आजी म्हशी सोडून निघंना.’

या तीन वाक्यांपुढे आमच्या वीस-पंचवीस ओळी ठेवून पाहा, अशी वाचकांस विनंती आहे. त्याचे गाव बंधाऱ्याच्या खाली, संगमाच्या बाजूला. बंधाऱ्यावर आज चढलेले पाणी पुढे त्याच्या गावाकडे जाणार. शिवाय कृष्णाही भरलेली असल्याने पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत राहते. तेव्हा आकडा वाढता आहे की स्थिर, यावर आजीला आणि म्हशींना केव्हा हलवायचे हे ठरणार होते. पुढील दोन दिवस आम्ही मोबाइल सुरू केला की प्रथम बंधाऱ्याचा आकडा शोधू लागलो आणि वेळेसह त्याला कळवू लागलो. तिसऱ्या आकड्यानंतर त्याचा निरोप आला, की आजी निघाली. म्हशी सोडवून माळावर नेल्या. तिच्या निघण्यात आमच्या आकड्याचा वाटा किती व शेजाऱ्यांनी केलेल्या आग्रहाचा किती, हे आम्ही विचारले नाही. विचारणे हा पुन्हा टिपण लिहिण्याचाच एक प्रकार झाला असता.

आता ‘कणा’कडे वळू. दोष कवितेचा नाही. ती कविता कोण बोलतो व कोणाशी बोलतो, यावर उभी आहे. पुराने घर नेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांच्या दारी येतो. सर खिशात हात घालू पाहतात. त्याला पैसा नको असतो, धीर हवा असतो. मागणारा तो आहे, आणि काय मागायचे हेही तोच ठरवितो. त्या कवितेचे सारे तेज त्या मागण्याच्या स्वातंत्र्यात आहे. कोरड्या घरात बसलेला माणूस जेव्हा तीच कविता पूरग्रस्तास पाठवितो, तेव्हा तिचे संबोधन उलटे होते. मागणाऱ्याचा स्वाभिमान हा देणाऱ्याचा उपदेश बनतो : तुला पैसा नको आहे, तुला धीर हवा आहे, तो घे. एक अक्षर न बदलता कवितेचा अर्थ फिरतो. आमच्या विद्यार्थ्याने खरे म्हणजे कवितेतील विद्यार्थ्याचेच काम केले. त्याने सरांना सांगितले, की तुम्ही देता ते नको, मी मागतो ते द्या. आम्ही ती कविता कित्येकदा समजावून सांगितली होती; ती आम्हांस कळली ती त्या सकाळी.

दुसरा धडा न्यू जर्सीच्या मैत्रिणीने दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिकडील किनाऱ्यावर आलेले सँडी वादळ तिने अंधाऱ्या घरात बसून काढले होते. तिने कविता पाठविली नाही, सूचना पाठविल्या. त्यांतील एक अशी : प्रत्येक संदेशात वेळ लिहा, ‘आत्ता’ हा शब्द वापरू नका. तिचे म्हणणे असे, की नेटवर्क तुटक असले म्हणजे संदेश तासन्‌तास अडकून राहतात आणि मग एकदम पोहोचतात. ‘पाणी आत्ता पायरीला लागले’ हे वाक्य चार तासांनी वाचले गेले तर ते खोटे असते, ‘सकाळी ७.१०, पाणी तिसऱ्या पायरीवर’ हे वाक्य केव्हाही वाचा, खरेच राहते. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात स्थळ व दिनांक लिहिण्यास आपण मुलांना शिकवितो आणि तो रिवाज मानून सोडून देतो. तो रिवाज नव्हे; तो वाक्याच्या खरेपणाचा जामीन आहे, हे आम्हांस तेव्हा उमगले. धरण फुटल्याच्या अफवेला हाच जामीन नव्हता. ती कोणी पाहिली, कुठून, किती वाजता, यांपैकी काहीच तिच्यात नव्हते.

येथे कोणी म्हणेल, की मग साहित्याने पाटबंधारे खात्याचे वार्तापत्र व्हावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. उपयुक्त तेवढे चांगले आणि बाकी सारा पसारा, अशी विभागणी त्या सहा दिवसांतही टिकली नाही. गटातील एक मैत्रीण रोज रात्री नऊ वाजता एकच ओळ लिहीत असे : ‘जेवलासा काय?’ ती नांदेडात राहते, पण मूळची गडहिंग्लजची. त्या ओळीत माहिती शून्य, सल्ला शून्य. आम्ही जेवलो नसतो तरी ती नांदेडहून काही करू शकत नव्हती. तरीही बॅटरी चार टक्क्यांवर असताना आम्ही त्या ओळीला उत्तर दिले आहे. कारण ती ओळ आमच्यासाठीच लिहिलेली होती. ती पुढे पाठविता येण्यासारखी नव्हती.

तेव्हा भेद माहिती आणि ललित यांचा नाही. पत्ता असलेले वाक्य आणि पत्ता नसलेले वाक्य, असा तो आहे. राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि ‘जेवलासा काय’ ही दोन्ही पत्ता असलेली वाक्ये. कोणी, कोणास व केव्हा म्हटले, हे त्यांत पक्के आहे. आमचे पूर-टिपण आणि अकरा वेळा आलेली ‘कणा’ ही पत्ता हरवलेली वाक्ये. पहिले वाचकांच्या कौतुकासाठी होते, दुसरे पाठविणाऱ्याच्या समाधानासाठी. दूरच्या स्नेह्यांशी सतत जोडलेले राहण्याचा हा मोठा धोका आम्हांस वाटतो. संकटातील माणूस नकळत लेखक होतो, मित्र प्रेक्षक होतात, आणि तिसऱ्या मजल्यावरील माणसाची भाषा पत्र्यावर बसलेल्या माणसाच्या आधी जगापर्यंत पोहोचते. त्याच्याकडे नेट नसते, हे तर आहेच. त्याला आकडा हवा असतो, दाद नको असते.

दिवाळी अंकास ते टिपण आम्ही दिले नाही. ते चांगले वठले नव्हते म्हणून नव्हे. बरेच बरे वठले होते.

जुलै २०२१ मध्ये बंधाऱ्यावरील पाणी पुन्हा ५५ फुटांच्या पुढे गेले. कोरोनामुळे वर्ग तेव्हा घरून चालत होते. त्या वेळी आम्ही मुलांना एकच लेखनपाठ दिला : आपल्या गावातील पाण्याची रोज तीन वाक्ये लिहा, वेळ व ठिकाण घालून, घरात बोलता त्या भाषेत, आणि ती कोणासाठी लिहीत आहात त्याचे नाव वर लिहा. कोणी मामाला लिहिले, कोणी मुंबईतील बहिणीला. एका मुलीने पूर ओसरल्यावर गावी परतणाऱ्या आईला लिहिले, की चूल भिजली आहे, पेटणार नाही, येताना स्टोव्ह घेऊन ये. ही साहित्याची उदाहरणे आहेत की नाहीत, यावर विभागात वाद झाला. आमचे मत विचाराल, तर साहित्य जेथून सुरू होते ती जागा तीच आहे. पुढचे सारे त्यावर चढविलेले मजले. आणि पाणी येते तेव्हा ते तळमजल्यातूनच येते.