पाठ फिरविणारें घड्याळ

घरांतील कांहीं वस्तूंचें रूप दर पिढीस कां बदलतें, आणि कांहींचें बदलूनहि जुनेंच कां वाटतें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. पागोटें गेलें, टोपी आली, टोपीहि गेली. देवघरांतील समईच्या घाटास मात्र कोणी फारसा हात लाविला नाहीं. या अंकीं आम्ही हाच प्रश्न एका घड्याळाच्या निमित्तानें वाचकांपुढें मांडणार आहों. घड्याळाच्या यंत्राविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु तें यंत्र ज्या डबींत बसतें, जिला घड्याळजी ‘केस’ म्हणतात, तिच्याकडे आपलें लक्ष जातें तें बहुधा ती मोडल्यावर किंवा विकावयास काढल्यावर.

आपल्या आजे-पणज्यांचें घड्याळ खिशांतलें होतें: वाटोळें, साखळीचें आणि पुष्कळदां झांकणाचें. तें झांकण केवळ शोभेकरितां नव्हे, तर काच जपण्याकरितां असे. पहिल्या महायुद्धांत (1914-18) खंदकांतील सैनिकास खिशांत हात घालून वेळ पाहण्याची सवड नव्हती. तेव्हांपासून पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळलें. सोय झाली खरी, पण झांकण गेलें आणि काच उघडी पडली.

या उघड्या काचेवरचा एक नामी तोडगा निघाला, त्याचें मूळ आपल्याच देशांतील खेळाच्या मैदानावर आहे. 1930 च्या सुमारास सेझार द त्रे हे स्विस व्यापारी हिंदुस्थानांत आले होते. पोलो खेळतांना आमच्या घड्याळांच्या काचा फुटतात, याला कांहीं उपाय कराल काय, असें ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनीं त्यांस विचारलें, अशी हकीकत तीं घड्याळें करणारी कंपनी आजहि सांगते. द त्रे यांनीं हा प्रश्न स्वित्झर्लंडांतील घड्याळांचे कारखानदार जाक-दाविद लकूल्त्र यांजपुढें ठेविला. काच जाड करणें हा सरळ उपाय होता. प्रत्यक्षांत सुचला तो निराळाच: धोक्याच्या वेळीं घड्याळानें पाठ फिरवावी! रने-आल्फ्रेड शोव्हो या अभियंत्यानें तशी रचना केली आणि 4 मार्च 1931 रोजीं पॅरिस येथें पेटंटाचा अर्ज दाखल झाला. चौकटींतील लांबट केस बाजूस सरकवावयाची, उलटावयाची आणि पुनः बसवावयाची, कीं काच आंत गेली व धातूची पाठ बाहेर आली. नांव पडलें ‘रिव्हर्सो’. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘मी उलटवितों’ असा आहे.

गंमत अशी कीं, काच वांचविण्याकरितां केलेली ती कोरी पाठच पुढें लोकांस अधिक आवडली. कोणी तीवर आद्याक्षरें कोरून घेतलीं, कोणी पलटणीचें चिन्ह. 1936 सालच्या एका रिव्हर्सोच्या पाठीवर एका हिंदी महाराणीचें मिनेकाम केलेलें चित्र आहे. मैदान मागें राहिलें आणि संरक्षणाची जागा आठवणीची जागा झाली.

तथापि काळ सर्वांवर येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर वाटोळ्या, पाणी न शिरणाऱ्या आणि आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळांची आवड वाढली. हें चौकोनी घड्याळ मागें पडलें आणि त्याचें उत्पादनहि थांबलें. 1972 मध्यें जॉर्जो कोर्व्हो या इटालियन व्यापाऱ्यास कारखान्यांत सुमारें 200 रिकाम्या केस पडून असलेल्या आढळल्या. त्यानें त्या विकत घेतल्या, त्यांत यंत्रें बसविलीं, आणि तीं घड्याळें हां हां म्हणतां खपलीं. यंत्राविना उरलेल्या केसनें सबंध घराण्याचें नांव राखलें!

त्यानंतरची गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. 1985 मध्यें डानिएल व्हिल्ड या अभियंत्यानें त्या केसची आंतील रचना मुळापासून नवी केली. सरकण्याची आणि उलटण्याची युक्ति अधिक पक्की झाली. पाणी व धूळ यांस मज्जाव झाला. 50 हून अधिक भाग मिळून ती केस बनली. पण बाहेरून पाहणारास काय दिसलें? तोच चौकोन, वर आणि खालीं त्याच तीन-तीन रेघा. 1991 मध्यें साठाव्या वाढदिवसानिमित्त केस आकारानें वाढली. 1994 मध्यें पाठीवरहि तबकडी आली आणि एकाच घड्याळांत दोन ठिकाणची वेळ पाहतां येऊं लागली. 2006 मध्यें तबकड्या तीन झाल्या आणि 2021 मध्यें चार. घाट राखावयाचा म्हणून आंतील जवळजवळ सर्व बदलावें लागलें. जुनें टिकतें तें हात न लावल्यानें नव्हे, तर कशास हात लावावयाचा हें जाणल्यानें.

हें घड्याळ लाखांच्या किंमतीचें आहे; तें कोणीं घ्यावें म्हणून आम्ही हें लिहिलें नाहीं. रोह्याजवळील धाटाव येथून एका एकत्र कुटुंबाची अडचण आमच्या कानीं आली. तेथें आतां कारखान्यांची वसाहत आहे, आणि पाळीवर जाणारी तरुण मंडळी वेळ पाहतात ती मोबाईलवर. घरांत पणजोबांचें सोन्याच्या केसचें घड्याळ आहे, तें बंद. वाटणीची वेळ आली; भाऊ चार, घड्याळ एक. तेव्हां यंत्र काढून सोनें वितळवावें, म्हणजे चार सारखे भाग होतील, असें ठरत आलें आहे. थोरल्या काकू ‘नको’ म्हणतात. पण कां नको, हें त्यांना सांगतां येत नाहीं.

काकूंच्या वतीनें आम्ही चार शब्द सांगतों. पहिलें, घड्याळजीकडून झांकण उघडवून आंतील छाप वाचावा. 750 असेल तर सोनें 18 कॅरटचें, 585 असेल तर 14 कॅरटचें; ‘गोल्ड फिल्ड’ असें असेल तर वर केवळ पत्रा आहे आणि भांडणच व्यर्थ आहे. दुसरें, छाप व अनुक्रमांक उतरून घेऊन सबंध घड्याळाची किंमत काढावी; ती सोन्याहून अधिक असेल किंवा नसेलहि, पण एकदां वितळविल्यावर तें विचारण्यास जागा राहत नाहीं. तिसरें, ज्यास घड्याळ हवें त्यानें इतर तिघांस त्यांचा भाग रोख द्यावा. भावाभावांतील न्यायास सोनें वितळलेंच पाहिजे असें नाहीं. आणि घरांत खरोखरच नड असेल, कोणाचें शिक्षण वा दुखणें अडलें असेल, तर विकण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र सबंध विकावें, म्हणजे तें कोणाच्या तरी मनगटीं वा खिशांत चालत राहील.

ठेवावयाचें ठरल्यास यंत्र खुशाल दुरुस्त करावें, काच नवी बसवावी, साखळी बदलावी. केसच्या पाठीवर नांव कोरलेलें असेल, तर मात्र तें घांसून गुळगुळीत करूं देऊं नये. नांव नसेल, तर तें कोणाचें, कोणत्या सालचें, हें काकूंना विचारून एका कागदावर आजच लिहून ठेवावें. पुढल्या वाटणीच्या वेळीं सांगणारें माणूस घरांत असेलच, असें नाहीं.