टायरच्या कडेवरचे बारीक अक्षर

सव्वीस इंची चाकाला सव्वीस इंची टायर बसत नाही, असे गेल्या पावसाळ्यापूर्वी मला कोणी सांगितले असते, तर सांगणाऱ्याच्या गणिताविषयीच मी शंका घेतली असती. परंतु पुतण्याने अडगळीत टाकलेली जाड टायरांची एक सायकल दुरुस्त करून वापरावी असा संकल्प मी सोडला, मागचा टायर झिजला होता म्हणून दुकानात जाऊन ‘सव्वीसचा टायर द्या’ असे सांगितले, दुकानदारानेही सव्वीसचाच शिक्का असलेला टायर खुंटीवरून काढून दिला, आणि घरी आल्यावर तो त्या रिमवर थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखा ढगळ होऊन, हवा भरू लागताच बाहेर निसटू लागला. तेव्हा गणित, दुकानदार आणि मी या तिघांपैकी चुकले कोण, याचा निवाडा करण्याची पाळी आली. दुकानदाराने विकलेला माल परत घेण्याचे साफ नाकारले, आणि त्याची बाजू बिनतोड होती, कारण मी सव्वीसचा मागितला होता आणि त्याने सव्वीसचाच दिला होता.

हा मामला उलगडला तो खडकवासल्याच्या धरणाजवळील एका चहाच्या टपरीवर. पुण्याहून पहाटे निघालेले सायकलस्वार रविवारी उजाडता उजाडता तेथे विसाव्यास थांबतात, आणि चहाचा एक पेला संपेपर्यंत कोणाची चेन का खडखडते व कोणाचा गुडघा का दुखतो, याखेरीज अन्य विषय त्या मंडळींत सहसा निघत नाही. त्यांच्यात पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी माझी कैफियत मध्येच न तोडता ऐकून घेतली आणि उत्तरादाखल एकच उलटप्रश्न केला : “अहो, टायरच्या कडेवरचे बारीक अक्षर वाचलेत का?”

मी ते वाचले नव्हते. घरी येऊन चष्मा पुसून पाहिले, तेव्हा जुन्या टायरवर ५०-५५९ आणि नव्या टायरवर ३७-५९० असे आकडे आढळले. पुढच्या रविवारी त्यांनी खुलासा केला तो असा : पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, आणि दुसरा, टायरची कड रिमवर जेथे टेकते तेथील व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सव्वीस इंच हे बाहेरच्या व्यासाचे केवळ ढोबळ नाव आहे, आणि जाड टायर व बारीक टायर या दोहोंचा बाहेरचा व्यास सारखा राखावयाचा तर आतली रिम लहानमोठी करावी लागते, म्हणून एकाच नावाखाली निरनिराळ्या मापांच्या रिमा बाजारात नांदत असतात. एवढ्यावरही भागत नाही. गणिताच्या पुस्तकात दीड आणि १.५ हे एकच असले, तरी सायकलच्या दुकानात सव्वीस-दीडचा टायर ५८४ च्या रिमेवर चढतो आणि २६ × १.५ चा ५५९ च्या रिमेवर! अपूर्णांक आणि दशांश यांच्यात येथे सोयरीक नाही.

माझा एक लहानसा प्रश्न अशा रीतीने सुटला, आणि तो ज्या रीतीने सुटला त्या रीतीविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण सायकलीच्या प्रचाराविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात रस्ते, मार्गिका आणि पर्यावरण यांची चर्चा विपुल असते, परंतु सायकल घेतलेला माणूस ती कशामुळे सोडतो, याची चौकशी क्वचितच होते. माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक सायकलवरून उतरले ते कोणत्याही मोठ्या कारणाने नव्हे. चेन वारंवार निखळत होती, सीट बोचत होती, ब्रेक किंचाळत होता, आणि ‘हे असे का होते’ हे विचारण्याजोगे माणूस जवळ नव्हते, एवढ्यावर त्यांची सायकल जिन्याखाली गेली. मार्गिका बांधणे हे महानगरपालिकेचे काम आहे. परंतु या जिन्याखाली गेलेल्या सायकली बाहेर काढण्याचे सामर्थ्य अंदाजपत्रकातील कोणत्याही तरतुदीपेक्षा टपरीवरच्या त्या उलटप्रश्नात अधिक आहे, असे माझे मत आहे.

पूर्वी या प्रश्नांचा बंदोबस्त आपोआप होत असे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात सायकल म्हणजे काळी, उभ्या बांध्याची, अठ्ठावीस-दीडच्या चाकांची. भेद काय तो बावीस इंची फ्रेम की चोवीस इंची, एवढाच. सर्वांचे यंत्र एक असल्याने सर्वांच्या व्याधीही एकच होत्या, आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला हा त्या व्याधींचा धन्वंतरी होता. पंक्चर काढताना पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे कोठून येतात ते पाहावे, सोल्यूशन लावल्यावर ते सुकेपर्यंत दम धरावा आणि मगच ठिगळ दाबावे, हे पोराटोरांना त्याच्या फळकुटावर बसून नुसते पाहून कळत असे. चाकाचा आउट काढताना तो कोणती तार किती आवळतो, कोनातले छर्रे कसे मोजून भरतो, आणि लोक ज्याला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात त्यात नेमके काय करावयाचे असते, हे ज्ञान तेथे उघड्यावर, फुकट आणि दररोज मांडलेले असे. नगरपालिकेचा बिल्ला कोणत्या तारखेपर्यंत घ्यावयाचा, हेही तोच सांगे.

आज तो धन्वंतरी बहुतेक पेठांतून उठून गेला आहे, किंवा दुचाकी मोटारींच्या टायरांत हवा भरीत बसला आहे. उलट सायकलीचे प्रकार मात्र असे वाढले, की हवेच्या तोंडाचेच तीन घाट झाले, ब्रेक रिम सोडून चकतीवर गेले, आणि मागे एकाच्या जागी आठ-दहा दातेरी चक्रे आली. माहिती नाही असे नव्हे. माहितीपत्रके आहेत, परंतु ती विकणाऱ्याने लिहिलेली असतात, आणि कात्रजच्या घाटात ऐन चढावर कोणता गिअर घालावा, हे विकणाऱ्याने सांगण्यापेक्षा तो चढ दमत दमत चढलेल्याने सांगणे इष्ट. ही उणीव भरून काढण्यासाठी सायकलस्वारांनी एकमेकांचे सल्लागार व्हावे, ही कल्पना मात्र नवी नव्हे. १८७८ साली इंग्लंडात हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ नावाची संस्था स्थापन झाली, तेव्हा सायकल म्हणजे पुढे छातीएवढे चाक असलेले एक भयंकर वाहन होते. त्या संस्थेने गावोगावी आपले वकील नेमले. राजदरबारी परराष्ट्राचा वकील असतो त्याच अर्थाचा हुद्दा त्यांना दिला होता. आणि परगावचा सभासद आला की रस्ता कसा आहे, उतरावे कोठे, दुरुस्ती कोण चांगली करतो, हे सांगणे हे त्यांचे कर्तव्य. धोक्याच्या उतारांवर सूचनेचे फलक लावण्याची तजवीजही या मंडळींनी केली. सरकारने रस्ता सुधारण्याची वाट पाहत न बसता ‘पुढे उतार आहे’ एवढे तरी मागून येणाऱ्याला सांगावे, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो.

उत्तराबरोबर कारण देणे, हे मी चांगल्या सल्ल्याचे पहिले लक्षण मानतो. त्याच टपरीवर एका विद्यार्थिनीने डावे पायडल सुटत नसल्याची तक्रार केली. तिने पाना नेहमीच्या दिशेने इतका जोर लावून फिरवला होता की तळहाताला फोड आले होते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे सांगून कोणी थांबले असते तरी तिचे काम झाले असते. परंतु आटे सरळ ठेवले तर पाय मारता मारताच ते पायडल हळूहळू सैल होऊन गळून पडेल, म्हणून ही उलटी योजना आहे, हे तिला समजावले गेले, आणि पाना उभा धरून त्याचे वरचे टोक मागच्या चाकाकडे वळवले की दोन्ही बाजूंची पायडले सुटतात, ही खूण दिली गेली. आता ती हे विसरणार नाही, आणि दुसऱ्याला सांगू शकेल. चेनचेही तसेच. शाळेची फूटपट्टी लावून पाहावे : चोवीस सांध्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली पाहिजे, ती १/१६ इंचाने वाढली की चेन बदलावी, आणि १/८ इंचापर्यंत दुर्लक्ष केले, तर झिजलेल्या चेनने चक्राचे दातेही खाल्लेले असतात, आणि मग चेनच्या खर्चाबरोबर चक्राचा खर्चही गळ्यात पडतो.

या पद्धतीचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. दहा जण जमले की उत्तरे बारा निघतात. नवख्याच्या प्रश्नाला हसणारा एखादा असतोच. आणि ‘ही सायकलच बदला’ हे तर ज्यांना उत्तर येत नाही त्यांचे आवडते उत्तर आहे. म्हणून सल्ला देणाऱ्याने आपला सल्ला साक्षीदाराच्या जबानीसारखा द्यावा : मी स्वतः काय केले, कोणत्या सायकलवर केले, आणि काय घडले, एवढेच. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगावी. विचारणाऱ्यानेही अर्जदाराप्रमाणे तपशील पुरा द्यावा. ‘सायकल आवाज करते’ हा प्रश्न नव्हे, तर पाय मारताना करते की नुसती घरंगळतानाही करते, हे सांगितले तर तो प्रश्न होतो. शिवाय काही गोष्टी गप्पांच्या कक्षेबाहेरच्या आहेत. ब्रेक धरत नसेल, पुढच्या फोर्कला तडा दिसत असेल, हँडल हलत असेल, तर टपरीवर मतदान घेऊ नये. सायकल हातात धरून कारागिराकडे चालत न्यावी.

अशा फुकट सल्ल्याने कारागिराच्या पोटावर पाय येतो, असा एक आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. सायकल जिन्याखाली पडून राहिली, तर कारागिराला त्यातून एक पैसाही मिळत नाही. ती रस्त्यावर राहिली, तरच वर्षातून दोनदा त्याच्याकडे येते. तथापि आक्षेपात तथ्याचा अंश आहे, तो असा की या मंडळींचे पुष्कळसे ज्ञान मुळात त्याच फळकुटावरून आलेले आहे. तेव्हा प्रत्येक सायकल मंडळाने महिन्यातून एका रविवारी आपल्या भागातील एखाद्या जुन्या सायकलवाल्याला योग्य ते मानधन देऊन बोलवावे, त्याच्यासमोर चाके उघडावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याने काहीही विचारावे. महानगरपालिकेने यासाठी एखाद्या उद्यानाचा कोपरा आणि पाण्याचा नळ एवढे दिले तरी पुरे. ही मागणी इतकी स्वस्त आहे की ती नामंजूर करण्यासाठी लागणारा पत्रव्यवहारच कदाचित महाग पडेल.

माझी सायकल आता रस्त्यावर आहे. तो ३७-५९० चा टायर मात्र कोरा करकरीत असा माझ्या पडवीतल्या खुंटीवर लटकतो आहे, आणि ज्यांच्या चाकाला तो बसेल अशा ओळखीच्या कोणीही तो विनामूल्य घेऊन जावा. अट एकच : निघण्यापूर्वी आपल्या टायरच्या कडेवरचे बारीक अक्षर वाचून यावे.