गेलेल्यांशी बोलू द्या, मध्ये दलाल नको

मध्य वेल्सच्या ग्रामीण भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. ड्युई रीस यांनी परिसरातल्या २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून एक गोष्ट जाणून घेतली. जोडीदार गेल्यानंतर तो जवळ असल्यासारखे कधी वाटले का? जवळजवळ निम्म्यांनी ‘हो’ म्हटले. बहुतेकांना तो घरात वावरत असल्याची नुसती जाणीव होई. शेकडा १४ जणांना तो दिसला होता, जवळपास तितक्यांनीच त्याचा आवाज ऐकला होता. झोपेतली स्वप्ने रीस यांनी यात धरली नव्हती. हा अभ्यास १९७१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातली चटका लावणारी नोंद वेगळीच आहे. अनुभव आलेल्यांपैकी बहुतेकांनी तो कोणाजवळही बोलून दाखवला नव्हता, आणि आपल्या डॉक्टरांना तर एकानेही सांगितला नव्हता.

ही माणसे वेडी नव्हती. सुखाचा आणि दीर्घ संसार झालेल्यांत असे अनुभव अधिक आढळले, आणि बहुतेकांना त्यांचा आधारच वाटला. चाळीस वर्षे रोज संध्याकाळी सहा वाजता दाराची कडी वाजत असेल, तर माणूस गेल्यावरही सहाच्या सुमारास कान दाराकडे लागणारच. यातून आत्मा असल्याचे सिद्ध होत नाही. पण सांगणाऱ्या बाईला ‘तुला भास होतायत’ म्हणून गप्प बसवण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही.

मराठी घरांत या बोलण्याला एक हक्काची जागा होती. दहाव्याला घाटावर पिंड मांडला की सगळ्यांच्या नजरा झाडावरच्या कावळ्यांकडे लागतात. कावळा शिवेना, की घरातला कर्ता हात जोडून पुढे होतो. ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ’, ‘आईला अंतर देणार नाही, काळजी करू नका’. कधी वर्षानुवर्षे अबोला धरलेला भाऊ पुढे येतो आणि ‘चुकलं माझं’ म्हणतो. कावळा भुकेने येतो, गर्दी पाहून बिचकतो, काही घाटांवर तर पोट भरलेले असल्याने पिंडाकडे ढुंकूनही बघत नाही. पण चारचौघांसमोर दिलेला तो शब्द खरा असतो आणि तो जिवंत माणसांनी ऐकलेला असतो. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. म्हणजे घरच्यांना ताटकळत ठेवायचे नाही, ही सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. ज्यांची यावर श्रद्धा नाही, त्यांनीही या विधीतली माणसाची गरज ओळखायला हवी.

बिघडते ते पुढे. ‘तुमच्या वतीने मी त्यांच्याशी बोलतो’ म्हणणारा तिसरा माणूस मध्ये आला की दुःखाचा व्यवहार सुरू होतो.

जादूगार हॅरी हुडिनी याला हे आतून कळले होते. १९१३ मध्ये आई गेली आणि तो कोलमडला. तिच्याशी एकदा तरी बोलता यावे म्हणून तो मृतांचे निरोप आणून देतो म्हणणाऱ्या ‘माध्यमां’च्या बैठकांना जाऊन बसे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल त्याचे मित्र. डॉइल यांचा मुलगा आणि भाऊ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास आजाराने गेले होते, आणि परलोकाशी संपर्क होतो यावर त्यांचा ठाम विश्वास होता. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटीत डॉइल यांच्या पत्नीने हुडिनीच्या आईचा म्हणून पंधरा पानी मजकूर भराभर लिहून काढला. वर क्रूस काढला होता, मजकूर अस्खलित इंग्रजीत होता. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी, आणि तिला इंग्रजी जेमतेम येत होते. ही मैत्री पुढे तुटली. डॉइल पती-पत्नी लबाड होते असे मानायचे कारण नाही. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास होता. म्हणूनच प्रामाणिक चेहरा पाहून परलोकाच्या निरोपावर भरवसा ठेवता येत नाही. हुडिनीने पुढे पैसे उकळणाऱ्या माध्यमांना उघडे पाडण्याचे काम हाती घेतले आणि १९२६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर साक्षही दिली.

वसतिगृहांत मेणबत्ती लावून, अक्षरांवरून वाटी फिरवून प्लँचेट करणाऱ्या मुलांनाही आपण बोटाने वाटी ढकलत नाही असे मनापासून वाटते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्येच टेबल फिरवणाऱ्यांवर प्रयोग करून दाखवले होते की हात नकळत जोर लावतात. डोळे बांधून अक्षरांच्या जागा बदलल्या, की वाटीला अर्थपूर्ण उत्तर देता येत नाही.

महाराष्ट्रात अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे मिळवणे आणि भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे, हे त्यात गुन्हे आहेत. श्राद्ध करणाऱ्याला हा कायदा हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. आता नवा व्यापार दारात आहे. फोटो आणि आवाजाच्या नमुन्यांवरून गेलेल्या माणसाची बोलकी प्रतिकृती करून देणाऱ्या कंपन्या चीनमध्ये उभ्या राहिल्या आहेत. भाडे थकले की बंद होणारी आई कोणाच्याही वाट्याला येऊ नये. मृताचा आवाज आणि चेहरा कोणाच्या संमतीने वापरायचा, याचा नियम आपल्याकडे हा धंदा रुजण्याआधीच झाला पाहिजे.

तोवर घरच्यांना करता येण्याजोगे एक काम आहे. ‘काल हे इथे बसले होते’ असे कोणी म्हणाले तर विषय बदलू नका, ‘काय म्हणाले?’ असे विचारा आणि ऐका. सहा महिने उलटूनही जेवणखाण, झोप, कामधंदा रुळावर येत नसेल, किंवा केव्हाही जगण्यात अर्थ उरला नाही असे बोलणे निघत असेल, तर मांत्रिकाकडे नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.