आबांची पहिली खुर्ची

माननीय ग्रामविकास मंत्री आणि माननीय राज्य निवडणूक आयुक्त,


आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा, म्हटले की लोकांना डान्सबार बंदी आठवते, नाहीतर 26/11 नंतरचा राजीनामा. मला मात्र सावळज गटाचा जिल्हा परिषद सदस्य आठवतो. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा हा मुलगा 1979 मध्ये सांगली झेडपीत गेला आणि 1990 मध्ये आमदार होईपर्यंत तिथेच होता. गळकी वर्गखोली, बंद पडलेली नळपाणी योजना, बीडीओची सही, सेस फंडातून निघणारे चार पैसे... सदस्याचा दिवस यातच जातो. पुढे ग्रामविकास मंत्री झाल्यावर त्यांनी 2000 साली गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि गावेच्या गावे झाडू घेऊन उतरली. गाव कशाने हलते हे ठाऊक असलेल्या माणसाची ती योजना होती, असे मी मानतो.

आता तुमच्याकडे येतो. मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होताच. त्यात एका सरकारने गट वाढवले, दुसऱ्याने ते पुन्हा कमी केले. चार महिन्यांत निवडणुका घ्या, हे शेवटी सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी सांगावे लागले. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, हे घटनेत 73व्या दुरुस्तीपासून लिहिलेले आहे.

हो, आबांच्या काळातही सगळे आलबेल नव्हते. 1979 नंतर झेडपीच्या निवडणुका थेट 1992 मध्ये झाल्या. आबांची अकरा वर्षे त्या दिरंगाईतूनच आली. पण ज्याला लोकांनी निवडले होते, तो माणूस तरी खुर्चीत होता. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, बदली झाली की तो निघून जातो. टँकर आला नाही म्हणून रात्री दहाला त्याचे दार कोण वाजवणार? आणि प्रशासकांच्या या काळात ज्या पंचविशीतल्या पोराने झेडपी लढवली असती, तो कुठल्यातरी आमदाराच्या गाडीमागे फिरत राहिला.

म्हणून एकच मागणी. गटरचना आणि आरक्षण सोडत यांचे वेळापत्रक मुदत संपायच्या वर्षभर आधी जाहीर करा, म्हणजे ज्याला कोर्टात जायचे तो वेळेत जाईल. आणि त्यानंतर गटांच्या संख्येला हात लावू नका.

आपला,
सांगली जिल्ह्यातला एक मतदार