पहिल्यांदाच एकट्याने लांब बाईकवर निघताय? थांबायचं कधी, हे घरीच ठरवा

पाऊस ओसरला आणि हवेत गारवा आला की लांबच्या प्रवासाचे बेत शिजू लागतात. पुण्याहून गोवा, मुंबईहून सिंधुदुर्ग, नागपूरहून पचमढी. काहींच्या मनात तर यंदा मित्र नकोत, ग्रुप नको, फक्त मी आणि गाडी, असंही असतं. मग घरात वाद सुरू होतो आणि "डॉक्टर, आता तुम्हीच समजवा याला" म्हणत प्रकरण आमच्यापर्यंत येतं.

माझं मत सरळ सांगतो. तब्येत ठीक असेल आणि गाडीवर हात बसलेला असेल, तर जरूर जा. ग्रुपमध्ये गेल्याने माणूस आपोआप सुरक्षित होत नाही. पुढच्याला गाठायच्या नादात अनेक जण आपल्या आवाक्याबाहेरच्या वेगाने गाडी हाकतात, लघवी लागली तरी थांबायला संकोचतात. एकटे असाल तर वेग तुमचा, थांबे तुमचे. मात्र एक गोष्ट तुमच्यासोबत नसेल. मागच्या सीटवरून "अरे, जरा थांब आता, दमलायस तू" असं म्हणणारा माणूस. ही उणीव वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे.

दमलेल्या मेंदूला आपण दमलोय हे कळत नाही

पाय दुखले की लगेच कळतं. मेंदूचं तसं नाही. "मी कितपत सावध आहे?" हे मोजण्याचं कामही तोच मेंदू करतो, त्यामुळे तो दमला की मोजमापच बिघडतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी लोकांना दोन आठवडे रोज फक्त सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. पण त्यांना विचारलं, तर ते म्हणत होते की थोडीशीच झोप येतेय.

"मला झोप आली तर मी थांबेनच की," हे वाक्य मी नेहमी ऐकतो. माझा त्यावर विश्वास नाही. तुमच्यावर आहे, पण तेव्हाच्या तुमच्या मेंदूवर नाही.

आता शुक्रवार रात्रीचा लोकप्रिय बेत बघा. सकाळी सहाला उठलात, दिवसभर ऑफिस केलंत, आठला जेवून निघालात. रात्री अकरा वाजता तुम्ही सलग १७ तास जागे आहात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवलं की १७ तास जागल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थेंबभरही न पिता तुम्ही मद्यपी चालकाच्या पंक्तीत जाऊन बसता आणि कुठलाही पोलीस फुंकर मारायला लावून ते पकडू शकत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे मायक्रोस्लीप, दोन-चार सेकंदांची डुलकी. डोळे उघडे असतानाही ती लागू शकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंदांत साधारण ६५ मीटर रस्ता तुम्ही पाहिलेलाच नसतो. चारचाकीत असं झालं तर निदान गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते. दुचाकीला ती सवलत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते.

बाईक इतकी का दमवते?

कारमध्ये बसलेला माणूस बराचसा आरामात असतो. बाईकवर मात्र तोल सांभाळायला पाठ, पोट आणि मानेचे स्नायू सतत राबत असतात. छातीवर वारा आदळतो. हँडलच्या कंपनांमुळे बोटांना मुंग्या येतात. हेल्मेटमधला वाऱ्याचा घोंघाट तासन्तास कानावर पडतो आणि त्यानेही थकवा वाढतो. घाम वाऱ्याने लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते समजत नाही. शिवाय "सारखं थांबावं लागेल" म्हणून अनेक जण मुद्दाम पाणी कमी पितात. पाणी कमी पडलं की डोकं जड होतं आणि लक्ष उडू लागतं.

त्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. तुमच्या वाट्याला जुने महामार्ग, घाट, गावातले स्पीडब्रेकर आणि अचानक आडवी येणारी गुरं येतात. म्हणून कारचा अंदाज बाईकला लावू नका.

निर्णय ताज्या डोक्याने घ्या

माझा सल्ला एवढाच: प्रवासातले महत्त्वाचे निर्णय रस्त्यावर घ्यायचे नाहीत. ते आदल्या दिवशी, पोटभर जेवून, शांतपणे घरी घ्यायचे आणि कागदावर लिहायचे. रस्त्यावर फक्त पाळायचे.

पहिला निर्णय अंतराचा. पहिल्या एकट्या प्रवासात एका दिवसात २०० ते २५० किलोमीटर पुरे. पुण्याहून गोव्याला जाताना कोल्हापूर साधारण २३० किलोमीटरवर येतं. तिथे मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या अंगाने आंबोलीचा घाट उतरा. "एका दिवसात गोवा मारला" हे सांगायला छान वाटतं, पण त्या प्रवासाचे शेवटचे शंभर किलोमीटर तुम्ही सर्वांत दमलेले असता आणि रस्ता सर्वांत वळणावळणाचा असतो.

दुसरा निर्णय वेळेचा. निघण्याआधी दोन रात्री सात-आठ तास झोप हवीच. उजाडल्यावर निघा, अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचा. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढतं. पहाटे तीनला निघून "रस्ता मोकळा मिळतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुपारचं जेवण हलकं ठेवा. कोल्हापुरातला तांबडा-पांढरा मुक्कामाच्या रात्री खा, दुपारी गाडीवर बसण्याआधी नको.

तिसरा निर्णय थांब्यांचा. दर दीड तासाने थांबायचं, दमलो नाही असं वाटलं तरी. हेल्मेट काढा, पाणी प्या, पाच मिनिटं चाला, मान आणि मनगटं मोकळी करा.

चौथा निर्णय परत फिरण्याचा. जांभया येऊ लागल्या, वळण चुकलं, मागचे काही किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गिअर चुकू लागला, समोरच्या ट्रकवर उगाच चीड येऊ लागली, यांतलं काहीही एकदा झालं की पुढच्या सुरक्षित जागी गाडी उभी करायची. काच उघडून तोंडावर वारा घेणं, मोठ्याने गाणी म्हणणं याने झोप जात नाही. चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवे व्हा. कॅफिनला काम सुरू करायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. तरीही जड वाटलं तर तिथेच लॉज शोधा. वाया गेलेलं हॉटेल बुकिंग हा फार स्वस्त सौदा आहे.

औषधं चालू असतील तर

सर्दी, अ‍ॅलर्जी, खोकला किंवा प्रवासातली उलटी यांच्या अनेक औषधांनी गुंगी येते. सेट्रिझिनसारखी साधी गोळीही काहींना दुसऱ्या दिवशीपर्यंत सुस्त ठेवते. नवीन औषध प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर जेवण लांबल्यावर साखर उतरू शकते. साखर उतरलेल्या मेंदूचीही तीच गत, त्याला स्वतःचा गोंधळ कळत नाही. निघण्याआधी आणि मोठ्या थांब्यांवर ग्लुकोमीटरने साखर तपासा, ग्लुकोज खिशात ठेवा. फिट्स येत असतील, चक्कर येऊन पडला असाल, किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेत आखू नका.

आणि पहिलाच एकटा प्रवास लडाखचा नको. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, वाटेतल्या खिंडी त्याहून कितीतरी उंच. विरळ हवेत डोकेदुखी, मळमळ सुरू होते आणि त्रास वाढला की माणूस गोंधळतो, अडखळतो. हे सोबत्याच्या आधी लक्षात येतं. सोबत कुणी नसेल तर लक्षात येतच नाही.

घरच्यांना काळजीऐवजी काम द्या

घरातल्या एका व्यक्तीकडे तुमचा लिहिलेला कागद द्या. प्रत्येक थांब्यावर तिला फोन करा आणि दोन-तीन मिनिटं खरंच बोला. आवाजातला थकवा तिला तुमच्याआधी कळेल. तिने "आता थांब" म्हटलं की थांबायचं, वाद घालायचा नाही, हे आधीच कबूल करा. मागच्या सीटवरचा माणूस तुम्ही असा फोनवर सोबत नेऊ शकता.

फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये ठेवू नका. पडलात तर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असाल, म्हणून तो जॅकेटच्या खिशात हवा. सोबत एक चिठ्ठी: नाव, घरचा नंबर, आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे. रक्तगट लिहा, पण तो रुग्णालयात तपासूनच रक्त देतात. औषधं आणि अ‍ॅलर्जीची माहिती मात्र तुमच्याशिवाय कुणाकडेच नसते. ११२ आणि १०८ हे नंबर पाठ असू द्या.

हेल्मेट बीआयएसचा शिक्का असलेलं, पूर्ण चेहरा झाकणारं, आणि पट्टा लावलेलं. २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतका परिणाम करणारं औषध माझ्या कपाटात फार कमी आहे.

एवढी तयारी करून निघालात, तर आईबाबांना किंवा बायकोला माझ्याकडून सांगा की यात वेडेपणा काहीही नाही. आणि हा कागद लिहायला कंटाळा येत असेल, तर प्रवास पुढच्या महिन्यावर ढकला. रस्ता कुठे जात नाही.