गाडी-घोडे : इंजिनाच्या पोटातला गाळ



दसऱ्याला तुम्ही गाडीला हार घातला असेल, चाकाखाली लिंबूही ठेवलं असेल. पण बॉनेट किती जणांनी उघडलं? यंदा आपण तिथेच डोकावणार आहोत. तुमची गाडी दहा वर्षांहून जुनी असेल आणि मुलांना शाळेत सोडणं, वाणसामान आणणं, फार तर सीमेपलीकडे वाल्सपर्यंत चक्कर एवढंच तिचं फिरणं असेल, तर हा लेख खास तुमच्यासाठी आहे.

आधी माझी फजिती सांगतो. आखनला आल्यावर आम्ही पहिली गाडी घेतली ती बारा वर्षं जुनी, पेट्रोलची. ट्यूफचा ताजा शिक्का होता आणि गाडी जेमतेम ८०,००० किलोमीटर पळालेली. एवढी कमी वापरलेली गाडी मिळाली म्हणून आम्ही खूश! तिसऱ्या हिवाळ्यात आई-बाबांना आणायला पहाटे फ्रँकफुर्टला निघालो. ए-४ वर ड्यूरेनच्या अलीकडे डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला. आदल्याच दिवशी डिपस्टिक पाहिली होती, तेल पुरेपूर होतं. म्हटलं, सेन्सर बिघडला असेल, पुढच्या एक्झिटला बघू. एक्झिट यायच्या आतच खडखडाट झाला आणि इंजिन कायमचं गेलं. आई-बाबा विमानतळावर चार तास ताटकळले.

मेकॅनिकने खालचं ऑइल पॅन काढून दाखवलं. तळाशी डांबरासारखा काळा थर होता आणि पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी पार बुजलेली. तेल भरपूर होतं, पण वर चढतच नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लाल दिवा तेलाची पातळी नाही, तेलाचा दाब सांगतो. तो लागला की 'पुढच्या एक्झिटपर्यंत' म्हणायचं नाही. सुरक्षित जागी गाडी कडेला घ्या, लगेच इंजिन बंद करा आणि मदत बोलवा.

हा गाळ येतो कुठून? पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ, थोडं न जळलेलं इंधन आणि काजळी पिस्टनच्या कडांमधून खाली तेलात उतरते. तेल चांगलं तापलं तर पाणी आणि इंधन उडून जातं आणि श्वासनळीसारख्या एका व्हेंटिलेशन व्हॉल्व्हमधून बाहेर ओढलं जातं. पण थंडीत तेल पुरतं तापायला दहा-पंधरा किलोमीटर तरी लागतात. पाण्याचा काटा ९० वर आला म्हणजे तेल तापलं असं नाही. तेल त्याच्या बरंच मागे असतं. तीन किलोमीटरवर शाळा आणि परत, असं रोज केलं की पाणी आतच राहतं. तेलात घाण धरून ठेवणारी द्रव्यं असतात, पण त्यांची ताकद संपते आणि मग गाळ बसू लागतो. म्हणजे आमच्या गाडीचे ८०,००० किलोमीटर 'कमी' नव्हते, ते छोट्या छोट्या फेऱ्यांचे होते.

दुसरं कारण म्हणजे लांबवलेली सर्व्हिस. काही जर्मन गाड्यांना लाँगलाइफ तेलावर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुदत दिलेली असते. ती मुख्यतः ऑटोबानवर पळणाऱ्या गाडीसाठी ठीक आहे. आखनच्या गल्लीबोळांत फिरणाऱ्या जुन्या गाडीला ती लागू धरू नका. हा त्रास एखाद्या कंपनीपुरताही नाही. २००२ मध्ये टोयोटाला अमेरिकेत १९९७ ते २००२ च्या काही इंजिनांसाठी गाळाच्या नुकसानीची खास हमी जाहीर करावी लागली होती.

आणि ट्यूफचं काय? दर दोन वर्षांनी होणारी ही तपासणी ब्रेक, दिवे, धूर, गंज, तेलगळती पाहते. इंजिन उघडून आतला गाळ कोणी बघत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना शिक्क्याबरोबर सर्व्हिसची वही, म्हणजे शेकहेफ्ट, मागा आणि तेल किती वर्षांनी बदललं ते वाचा.

घरी काय तपासता येईल? इंजिन बंद असताना तेल भरायचं झाकण उघडा. झाकणाखाली हिवाळ्यात कॉफीवरच्या फेसासारखा पांढरट थर दिसला तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते साचलेलं पाणी असतं. मात्र कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या. मोबाइलचा टॉर्च आत मारा. धातू सोनेरी-तपकिरी दिसला तर ठीक. काळा, जाड, खरवडून निघेल असा थर दिसला तर गाळ आहे. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल लगेच बदला.

आता सफाई. इथे घाई हीच सर्वांत मोठी चूक आहे.

थर पातळ असेल तर सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे चांगलं तेल. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मंजुरी क्रमांकाचं तेल घ्या (उदाहरणार्थ फोक्सवागन ५०४ ०० किंवा मर्सिडीज २२९.५). तेल आणि फिल्टर बदला, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बदला, मग आणखी एकदा. नवं तेल जुना मळ हळूहळू सोडवतं. व्हेंटिलेशन व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर गाळ परत येईल.

दुकानात मिळणारं इंजिन फ्लश मध्यम गाळापर्यंतच वापरावं. गरम इंजिनात ओतायचं, बाटलीवर लिहिलेली मिनिटं उभ्या जागी आयडलवर चालवायचं आणि लगेच काढून टाकायचं. ते घालून गाडी रस्त्यावर नेऊ नका. थर जाड असेल तर फ्लश अजिबात नको: मोठे तुकडे सुटून तीच जाळी बुजते. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो, तिथेही कंपनीची परवानगी असल्याशिवाय फ्लश घालू नका.

जाड गाळाला एकच इलाज: वर्कशॉपमध्ये ऑइल पॅन आणि वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढून हाताने सफाई, जाळी साफ किंवा नवी, आणि नवे गॅस्केट. खर्च होतो, पण इंजिन गेल्यावर होतो त्यापेक्षा खूप कमी. आधी गाडीची किंमत आणि खर्चाचा अंदाज शेजारी शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडच्या काही गॅरेजांमध्ये इंजिनात डिझेल किंवा रॉकेल ओतून धुण्याची पद्धत आहे. इथे ती आठवण काढू नका. डिझेल पातळ असतं, बेअरिंगवरची तेलाची फिल्म तुटते आणि उरलेलं डिझेल नव्या तेलातही मिसळतं.

तेल स्वतः बदलणार असाल तर रस्त्यावर किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये नको. जुनं तेल गटारात किंवा कचऱ्यात टाकणं गुन्हा आहे. जिथून नवं तेल घेतलं त्या दुकानाला तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यावं लागतं. पावती जपून ठेवा.

आणि सगळ्यांत स्वस्त औषध: किलोमीटर किती का होईनात, वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदला. आठ-पंधरा दिवसांतून गाडी अर्धा-पाऊण तास सलग पळवा. मोन्शाउपर्यंत एक फेरी झाली तर घरचेही खूश. शाळा किलोमीटरभरच असेल, तर गाडी राहू दे, मुलांबरोबर चालत जा.

दिवाळीच्या पहाटे आपण अंगाला तेल लावतो. त्याच आठवड्यात गाडीचंही तेल बदललं, तर तारीख कधी विसरणार नाही. मी आता तसंच करतो. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!