दुल्हाभाईंची सही

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो, वय २६. मागच्या महिन्यात घरी आला तेव्हा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामू, यातलं कुठलं बरं दिसेल?" खांद्यापासून मनगटापर्यंत भरलेल्या हातांची तीन चित्रं. तिन्हींत अरबी अक्षरं, कारण त्याला वडिलांचं नाव गोंदवून घ्यायचं होतं. दुल्हाभाईंना जाऊन दोन वर्षं झाली.

धर्माचं आधी सांगून टाकतो. बुखारी शरीफमधल्या हदीसमध्ये गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत आहे. त्यावरून बहुतेक सुन्नी उलेमा गोंदण हराम मानतात, मीही मानतो. शियांमध्ये आयतुल्ला सिस्तानींसारखे विद्वान मुभा देतात. मात्र टॅटूवाल्याचा वजूच होत नाही, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते चूक आहे. शाई कातडीच्या आत असते, पाणी वरच्या कातडीला लागतंच.

"ते ठाऊक आहे मामू, डिझाइनचं बोला," तो म्हणाला. काही वाचकांना वाटेल, मी तिथेच उठायला हवं होतं. पण आपाने त्याच्याशी आधीच अबोला धरला होता, त्यात माझी भर कशाला?

पहिल्या चित्रात सिंह, घड्याळ, गुलाब, मिनार असं सगळं शेजारी शेजारी चिकटवलेलं. वहीवरच्या स्टिकरांसारखं. जपानी पद्धतीत मुख्य आकृती एखाद-दुसरी असते आणि लाटा, ढग, वारा सगळा हात एकत्र बांधतात. दुसऱ्यात जाळीची भूमिती. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीवरून नजर हटत नाही खरी, पण दगड वळत नाही. मनगट फिरवलं की हातावरच्या सरळ रेघा पिळतात. तिसरी वेलबुट्टी, हाताच्या वळणाने जाणारी. तीच त्यातल्या त्यात बरी. तीही गच्च भरू नये. बारीक रेघा वर्षांनुवर्षं पसरत जातात, शेवटी हात नुसता काळा दिसतो. दुल्हनच्या मेंदीत कोरी जागा का सोडतात, ते मेंदीवाल्या बायकांना विचारावं.

खरी अडचण अक्षरांची होती. एका चित्रात नाव डावीकडून उजवीकडे, अक्षरं सुटी सुटी. संगणकाने केलेली मोडतोड. भाच्याला ती कळली नव्हती, गोंदणाऱ्यालाही कळली नसती. शिवाय दुल्हाभाईंच्या नावात अल्लाहचं नाव आहे आणि तो हात संडासातही जाणार.

आणि अरबीच का? दुल्हाभाई जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर. अरबी नमाजेपुरती. पगारपत्रकापासून माझ्या बहिणीच्या निकाहनाम्यापर्यंत सही देवनागरीतच, खाली एक लांब ओढ. मी हे म्हटलं तेव्हा भाचा जरा थांबून म्हणाला, "देवनागरीत काढलं तर लोकांना वाटेल..." वाक्य त्याने पुरं केलं नाही.

मला वाटतं, ती अरबी बापासाठी नव्हतीच, बघणाऱ्यांसाठी होती. आपण मुसलमान आहोत हे मराठीत सांगता येत नाही, असं या पोरांना कुणी शिकवलं? थोडंफार आपणच.

मी त्याला एवढंच म्हटलं, सही घे, तीही आधी आठ दिवस मेंदीने काढून फीर. (पुरुषाच्या हाताला मेंदी म्हणून वेगळा वाद होईल, तो होऊ दे.) आपाने माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि न बोलता रजेचा एक जुना अर्ज त्याच्या हातात दिला. तो अर्ज घेऊन तो पुण्याला गेला. हात अजून कोराच आहे.